सहीवरची हळद

साडेबारा वाजता श्रीहरिनं हारिकाची फाईल उघडली आणि लग्नघरात उरलीसुरली मजा होती ती तिथंच संपली.

खरं तर ती उघडायचं त्याला काही कारण नव्हतं. हारिकानं कालच सगळं तपासून फाईल देवापुढे ठेवायला आईकडे दिली होती. पण मुलगा डॅलसला गेल्यापासून हणमकोंड्यातल्या निम्म्या पोरांचे व्हिसा आपल्याच सल्ल्यानं लागतात, अशी श्रीहरिची पक्की समजूत होती. सख्खी पुतणी आज परत अमेरिकेला निघायची, म्हणजे त्याचे हात शिवशिवणारच. जेवणं व्हायच्या आधी तो हॉलमधल्या दिवाणावर मांडी घालून बसला आणि एकेक कागद काढून मोठ्यानं हजेरी घेऊ लागला.

"पासपोर्ट. व्हिसा पुढच्या ऑगस्टपर्यंत. छान. कामाचं कार्ड. कंपनीचं पत्र. युनिव्हर्सिटीचा फॉर्म, पान पहिलं. पान दुसरं..."

मग आवाज थांबला.

"हे काय आहे? अगं हारिका! यावरची सही कुठंय?"

स्वयंपाकघरात अलिवेलम्मा पातेल्याच्या तळाला थालीपिठासारखं सर्वपिंडीचं पीठ थापत होती. तिनं बोटानं पिठात एक भोक पाडलं, दुसरं पाडलं, आणि तिसऱ्याला बोट तिथंच राहिलं. सही कुठं गेली ते घरात आपल्याला एकटीलाच माहीत आहे, असं तिला वाटत होतं.

आज पहाटे, घर झोपलेलं असताना, ती देवघर पुसायला गेली होती. फाईल वेंकटेश्वराच्या तसबिरीपुढे होती, वर झेंडूचं फूल. हारिकाच्या आईनं, सरोजनानं, फाईलच्या पुठ्ठ्यावर कुंकवाचं बोट टेकवलं होतं, तेवढंच. आतल्या कागदांना काहीच नाही. लग्नाची पत्रिकासुद्धा चार कोपऱ्यांना हळद लावल्याशिवाय कुणाच्या हातात देत नाहीत, आणि पोरगी सात समुद्र ओलांडून जाणार ती कोऱ्या कागदावर? अलिवेलम्मानं वाटीत हळद कालवली. पासपोर्टला हात लावायचं धाडस झालं नाही, पण बाकीच्या प्रत्येक कागदाच्या चार कोपऱ्यांना तिनं बोट लावलं.

या घरात हळदीकुंकवाची वाटी सरोजनाच्या हातात. अलिवेलम्मानं देवघर पुसायचं, समया घासायच्या, चंदन उगाळायचं; पण शुभकार्याच्या वस्तूला बोट लावायचं नाही. तिला तसं कुणी बोलून दाखवलं नव्हतं. हारिकाच्या वडलांचा, जनार्दनचा, आणि श्रीहरिचा थोरला भाऊ, म्हणजे तिचा नवरा, लग्नानंतर तीन वर्षांत गेला, त्याला आता अठ्ठावीस वर्षं झाली. या अठ्ठावीस वर्षांत बोलून दाखवायची वेळच तिनं कुणावर येऊ दिली नव्हती.

आणि एवढ्यावरच थांबली असती तर बरं होतं. शेवटच्या कागदाचे कोपरे झाले तेव्हा अंगठ्याला ओली हळद उरली होती. समोर निळ्या शाईतली ती सही होती. आल्याच्या दिवशी हारिकानंच ती आपल्या या मोठ्या काकूला दाखवली होती: "पेद्दम्मा, ही बघ. ही आहे म्हणून ते लोक मला परत आत घेतात." अलिवेलम्मानं अंगठा त्या सहीवर टेकवला. नुसता टेकवला नाही, फिरवलाही. निळ्याचं हिरवं झालं आणि हिरव्याचं काहीच राहिलं नाही. मग ती घाबरली, कागद फुंकून वाळवले, होते तसे ठेवले, आणि सकाळपासून अंगठा चिंचेनं, साबणानं, राखेनं घासत होती.

आता तो अंगठा पिठात खुपसून ती हॉलमधलं ऐकत राहिली.

"अन्ना, तुला कळतंय का काय झालंय ते?" श्रीहरि भावाला सांगत होता. जनार्दन कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेला, पण व्हिसाच्या बाबतीत धाकट्या भावापुढे पहिलीतल्या पोरासारखा बसायचा. "शिक्षण संपवून कामाच्या परवान्यावर जे राहतात ना, त्यांनी देशाबाहेर पाऊल टाकलं की परत जाताना ही सही लागते. सहा महिन्यांच्या आतली लागते. मी तर आधीच म्हटलं होतं, या काळात प्रवासच करू नये. पण भावाचं लग्न!"

"बाबाय, फोटो आहे माझ्याकडे," हारिका काकाला म्हणाली. तिचा आवाज शांत होता, जरा जास्तच शांत. "मोबाईलमध्ये आहे."

"फोटो काय दाखवतेस? साहेबाला लग्नाचा अल्बम दाखवायचाय का?"

"मग मी युनिव्हर्सिटीला मेल करते. ते नवीन सही करून फॉर्म मेलनं पाठवतात. छापला की चालतो."

"कुणी सांगितलं चालतो म्हणून?"

"त्यांनीच."

"थांब. ग्रुपवर विचारतो."

श्रीहरिच्या त्या ग्रुपवर चारशे माणसं होती आणि सगळी परदेशी पोरांचे आईबाप. पाच मिनिटांत उत्तरं येऊ लागली आणि तो ती वाचू लागला. एक म्हणे छापील चालतं. दुसरा म्हणे छापील चालतं, पण सही हातानं केलेलीच हवी. तिसऱ्याच्या साडूच्या मुलीला मधल्या विमानतळावरूनच परत पाठवलं होतं. चौथा म्हणे तिला वेगळ्याच कारणानं पाठवलं, ते इथं बोलण्यासारखं नाही. एकीनं लिहिलं, तिकडे उतरल्यावर तीस दिवसांची चिठ्ठी देतात, काही काळजी करू नका. लगेच दुसरीनं लिहिलं, चिठ्ठी देतात पण फोनही काढून घेतात. एका बाईनं विचारलं होतं, मुलगी जाणारच असेल तर तिच्या बॅगेत दोन किलो आवकाया लोणच्याला जागा होईल का.

"म्हणजे चालतं की नाही चालत?" जनार्दननं विचारलं.

"तेच तर बघतोय ना!" श्रीहरि त्याच्यावरच खेकसला.

दिवाणाच्या टोकाशी सरोजना बसली होती. "आणि ते मेल कधी देतील?"

"तिकडे आत्ता मध्यरात्र उलटलीय अम्मा. ऑफिस उघडतं तेव्हा आपल्याकडे साडेसात होतात."

"आणि गाडी आठला सांगितलीय."

 विमान रात्री दीडचं होतं आणि हैदराबादचा विमानतळ साडेतीन तासांवर. सोमवारी सकाळी हारिका कॅन्ससमधल्या कंपनीत टेबलाशी हवी होती, याच बोलीवर तिला बारा दिवसांची रजा मिळाली होती. धान्याच्या कोठारांचे वजनकाटे चालवणारं काहीतरी ती तिथं बनवायची. नोकरी गेली तर दुसरी शोधायला फार तर बारा दिवस होते. शिक्षण संपल्यावर नोकरीशिवाय एकूण नव्वदच दिवस राहता येतं, आणि त्यातले अठ्ठ्याहत्तर तिनं पहिली नोकरी शोधण्यात घालवले होते. हे अठ्ठ्याहत्तर दिवस घरात सगळ्यांना पाठ होते, कारण त्यातल्या प्रत्येक दिवशी सरोजनानं दिवा लावून फोन केला होता.

"पण हळद लावली कुणी?" श्रीहरिनं शेवटी तो प्रश्न विचारलाच. "सकाळी देवापुढे दिवा कोण लावतं सध्या?"

सगळ्यांच्या माना जिन्याकडे वळल्या. कीर्तना पायऱ्यांवर उभी होती. लग्नाला आठच दिवस झाले होते, गळ्यातल्या हळदीच्या दोऱ्याचा पिवळा रंग अजून मानेला लागत होता. नवरा, म्हणजे हारिकाचा भाऊ साईकिरण, सकाळीच पाहुण्यांना सोडायला वरंगल स्टेशनवर गेलेला.

"मी नुसता दिवा लावला बाबाय," ती म्हणाली. "कागदांना हात नाही लावला."

"तुमच्या गुंटूरकडे लावत असतील कागदांना हळद. तिथल्या मिरच्या नाही लावल्यात हे नशीब आमचं."

"श्रीहरि, तिला बोलू नकोस," सरोजना म्हणाली. "नवीन आहे." आणि मग क्षणभर थांबून, "पण खरं सांग हं कीर्तना, चुकून लागली असेल तर सांग. कुणी रागावणार नाही."

"अत्तय्या, मी खरंच..."

"लागली असेल तर म्हटलं."

अलिवेलम्माला सरोजनाचा तो स्वर चांगला ठाऊक होता. आधी पदराखाली घ्यायचं आणि मग तिथंच चिमटा काढायचा. कीर्तनाचा हात तिच्या गळ्यातल्या दोऱ्याकडे गेला आणि तिथंच राहिला. अजून चार शब्द झाले असते तर ते या पोरीला जन्मभर चिकटले असते. नणंदेचा कागद नासवणारी सून. अलिवेलम्माला सगळं समजत होतं, तरी पाय हलेनात. ती गप्प बसली तर कुणाला कळणार नव्हतं. संध्याकाळी मेल आला तर पोरगी जाईल, नाही आला तर राहील. त्या 'राहील'पाशी तिचं मन आपोआप जाऊन बसत होतं आणि त्याची तिला शरम वाटत होती.

मग कीर्तना रडायला लागली. मोठ्यानं नाही, नुसती नाक ओढल्यासारखी.

अलिवेलम्मा पिठाच्या हातानंच हॉलच्या दारात आली.

"तिनं नाही लावली. मी लावली."

श्रीहरिनं आधी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या हातांकडे. "तुम्ही, वहिनी?"

"पहाटे. चार कोपऱ्यांना. आणि सहीवरही माझाच अंगठा फिरला."

"तुम्ही हळद लावलीत?" श्रीहरि उठून उभा राहिला. "आता काय म्हणायचं? सगळ्या कागदांना? अहो, निदान आपला हात कुठं लावायचा, कुठं नाही, एवढं तरी..."

"श्रीहरि, पुरे," जनार्दन म्हणाला. अलिवेलम्माला वाटलं, हा आपली बाजू घेतोय. पण मग तो तिच्याकडे न बघता हळूच बोलला, "वहिनी, सरोजना होती ना घरात. तिला सांगायचं."

श्रीहरिच्या ओरडण्यानं तिला काही झालं नव्हतं. या हळू बोलण्यावर मात्र तिनं पिठाचे हात पदराखाली घेतले.

"हाताचं जाऊ दे," सरोजना म्हणाली. ती आता उभी होती आणि तिचा चेहरा लाल झाला होता. "कोपऱ्यांना लावलीस ते समजू शकते मी अक्का. सहीवर का लावलीस? ती सही कशाची आहे ते तुला माहीत होतं. हारिकानं माझ्यादेखत दाखवली तुला. तुला ती जायलाच नको होती. आहे की नाही? बारावीपर्यंत तुझ्याच कुशीत झोपली, मी म्हटलं झोपू दे. ताप आला तरी आधी तुलाच हाक मारायची, मी म्हटलं मारू दे. आता तिची नोकरीसुद्धा तुलाच हवी का?"

अलिवेलम्मानं तोंड उघडलं. नाही म्हणायला हवं होतं. "माहीत नाही गं," ती म्हणाली. "खरंच माहीत नाही. अंगठा फिरला तेव्हा मी काय विचार करत होते ते सकाळपासून आठवून बघतेय. आशीर्वाद द्यायला गेले होते. देवाशपथ, त्यासाठीच गेले होते."

"मी बघत होते," हारिका म्हणाली.

ती दिवाणाजवळ खालीच बसली होती, मोबाईल मांडीवर पालथा. सगळे तिच्याकडे वळले.

"पहाटे मला जाग आली होती. पाणी प्यायला उठले तर देवघराचं दार उघडं. पेद्दम्मा कोपऱ्यांना हळद लावत होती. मी दारात उभी होते. सहीजवळ तिचा हात गेला तेव्हा 'अगं' म्हटलं असतं तरी पुरे होतं. मी म्हटलं नाही. परत जाऊन झोपले."

"झोप लागली?" जनार्दननं विचारलं. विचारायच्या शंभर गोष्टी होत्या, त्यातली त्याला हीच सुचली.

"छान लागली नान्ना. दोन महिन्यांत पहिल्यांदा."

"आणि कीर्तनाला बोलत होते ते ऐकत बसलीस?" हे अलिवेलम्मानं विचारलं. पोरीवर तिनं एवढा आवाज कधी चढवला नव्हता.

हारिका भावजयीकडे वळली, पण मान खालीच होती. "चुकलं. वदिना, माझं चुकलं."

 पदरानं नाक पुसून कीर्तना वर निघून गेली, आणि तिला तो हक्क होता.

"म्हणजे तुला जायचंय की नाही?" श्रीहरिनं विचारलं. पहिल्यांदाच त्याच्या आवाजात सल्ला नव्हता.

"माहीत नाही बाबाय."

"माहीत नाही म्हणजे? त्या ग्रुपवर चारशे जण तुझ्यासाठी डोकं खपवतायत!"

"तिथं सहा वाजता ऑफिसबाहेर पडले की दुसऱ्या दिवशी नऊपर्यंत माझं नाव कुणी घेत नाही. म्हणून इथं यायचे दिवस मोजते. इथं आले तर माझ्या खोलीत वदिनाचं ड्रेसिंग टेबल. ते बरोबरच आहे, मी काही म्हणत नाहीये. माझी बॅग जिन्याखाली, आणि मला सगळे विचारतात, 'कधी निघायचंय?' तिथले विचारतात व्हिसा कधी संपतो, इथले विचारतात विमान कधीचं. मला कुठं जायचंय ते मलाच समजत नाही, तर तुम्हाला काय सांगू?"

श्रीहरिनं कागद गोळा केले, पुन्हा ओळीनं लावले, आणि फाईल बंद करताना दोनदा उलटी लावली. जनार्दन खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. जेवायला वाढा असं त्या दुपारी कुणीच म्हटलं नाही. जो तो येऊन उभ्या उभ्या चार घास खाऊन गेला.

तीनच्या सुमारास सरोजना स्वयंपाकघरात आली आणि अलिवेलम्माच्या शेजारी पाटावर बसली. इतक्या वर्षांत ती अशी बसली नव्हती. बसली तर काम सांगायला.

"तुला काही सांगितलं होतं का तिनं?" तिनं विचारलं. "तिकडे मन लागत नाही वगैरे?"

"नाही गं. मला वाटलं, तुला सांगितलं असेल."

"मला तर रोज म्हणायची, मस्त आहे अम्मा."

"मलाही तेच."

सरोजनानं सर्वपिंडीचा एक तुकडा मोडला आणि हातातच धरून बसली. "मघाशी मी फार बोलले."

"खोटं नव्हतीस बोलत."

"अक्का, ती थांबली तर मला आवडेल गं. देवापुढे हे बोलायची लाज वाटते. अठ्ठ्याहत्तर दिवस मी दुसरंच मागत होते."

अलिवेलम्मानं तिच्या हातावर हात ठेवला. एकीनं मागितलं तेच दुसरीनं पुसलं होतं, आणि आता दोघींना एकच हवं होतं, की काय हवंय ते कुणीतरी येऊन सांगावं.

संध्याकाळ कशी गेली ते कुणाला सांगता आलं नसतं. साईकिरण स्टेशनवरून आला, त्याला कुणी नीट काही सांगेना. तो वर बायकोची समजूत काढत बसला. बॅग एकदा उघडली, एकदा बंद केली. गाडीवाल्याचा फोन आला तेव्हा श्रीहरि म्हणाला ये, आणि जनार्दन म्हणाला थोडं थांबून ये. साडेसात वाजले. श्रीहरि दर मिनिटाला "आला का?" विचारू लागला तेव्हा हारिका मोबाईल घेऊन मागच्या अंगणात गेली.

अलिवेलम्मा तिथं धुण्याच्या दगडापाशी पातेलं घासत होती. हारिका तिच्यासमोर उकिडवी बसली आणि तिनं मोबाईल पुढे धरला. इंग्रजी अलिवेलम्माला वाचता येत नव्हतं, पण पानाच्या खालच्या बाजूला एक निळी सही होती, ती तिनं ओळखली.

"आला?"

"पाच मिनिटं झाली. लिहिलंय, काळजी करू नकोस, छापून ने, चालतं." हारिकानं दाराकडे पाहिलं. "अजून कुणाला सांगितलं नाही. गाडी आठला आहे. नऊपर्यंत मी गप्प बसले तर विमान गेलं. पेद्दम्मा, तू सांग. सांगू का नको?"

अलिवेलम्माच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. या घराला रंग कोणता द्यायचा, बोअर कुठं मारायची, साईकिरणला कुठली मुलगी बघायची, यातलं तिला कधी कुणी काही विचारलं नव्हतं. आणि विचारलं तर हे. नको म्हण, एवढंच तिचं सगळं अंग म्हणत होतं. नको म्हणायचा अवकाश, पोरगी आज रात्री शेजारी झोपली असती.

"काम कसं आहे तिथलं?" तिनं विचारलं. "खरं सांग. 'मस्त आहे' नको."

हारिकानं विचार केला. "काम आवडतं. मी लावलेला काटा एका कोठारावर बसवलाय. शेतकरी येतो, ट्रक उभा करतो, आणि माझा आकडा दिसतो. तो बघायला मी एकदा सुट्टीच्या दिवशी गेले होते, दोन तास गाडी चालवून." ती थांबली. "काम झाल्यावरचं काही आवडत नाही."

"काम झाल्यावरचं मलाही कधी आवडलं नाही," अलिवेलम्मा म्हणाली. "पण काम करताना माझा आकडा नाही दिसला कधी कुणाला."

"म्हणजे जाऊ?"

"मी जा म्हटलं तर तू माझ्यावर रुसशील. थांब म्हटलं तर पाच वर्षांनी रुसशील. मला पहिलं चालेल."

"पण तुला काय वाटतं?"

"मला काय वाटतं ते मी पहाटे करून बसले. आता ते नको विचारू."

ती उठली. हात धुतले, पदराला पुसले. हारिका तिथंच बसून राहिली, कारण ती उठली असती तर कदाचित दोघींपैकी एकीचा धीर सुटला असता. अलिवेलम्मा स्वयंपाकघरातून हॉलच्या दारात आली. या वेळी ती उंबऱ्याशी थांबली नाही. श्रीहरि मोबाईलमध्ये डोकं घालून होता, सरोजना भिंतीला टेकली होती, जनार्दन येरझाऱ्या घालत होता.

"कागद आला," ती म्हणाली. कुणी वर पाहिलं नाही म्हणून पुन्हा, मोठ्यानं म्हणाली, "कागद आला. पोरीला जायचंय."

सरोजनानं डोळे मिटून घेतले. श्रीहरि म्हणाला, "दाखवा, दाखवा, मला आधी बघू दे." जनार्दन मात्र चपला शोधत होता. एक दिवाणाखाली सापडली, दुसरी सापडेना. तो तसाच एका पायात चप्पल घालून अलिवेलम्माकडे बघत राहिला.

"वहिनी, झेरॉक्सवाल्याचं दुकान उघडं असेल ना आत्ता?"

बंद असू दे, असं तिला फार फार वाटलं.

"असेल," ती म्हणाली. "पळा."